तुमची प्रश्नावली दारात बदलते : सर्वेक्षणे आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
संख्यात्मक संशोधनासाठी प्रश्नावल्या तयार करणारे प्राध्यापक, संशोधन संस्था आणि राज्यात सर्वेक्षणे करवून घेणारे अधिकारी

विषय : प्रश्नावली अंतिम करण्याआधी ती आठ-दहा दारांत वाचून पाहण्याबाबत

स. न. वि. वि.

गेली सतरा वर्षं मी घरोघरच्या सर्वेक्षणांत काम करते आहे. आधी अन्वेषक, म्हणजे दारोदार जाऊन प्रश्न विचारणारी, होते, आता पर्यवेक्षक आहे. तुमच्यातल्या अनेकांच्या प्रश्नावल्या माझ्या हातातून गेल्या आहेत. तुमची आणि माझी भेट मात्र सहसा होत नाही. प्रश्नावली ठरते तेव्हा आम्ही नसतो आणि ती विचारली जाते तेव्हा तुम्ही नसता. मधल्या जागेत जे घडतं ते तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

एका डिसेंबरातली गोष्ट. सिन्नर तालुक्यातली एक वस्ती, कांद्याची लागवड चालू. दुपारी एकच्या सुमारास बांधावर भाकरी खाऊन उठलेल्या एका बाईंना मी टॅबवरचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला, ‘गेल्या सात दिवसांत आपण कोणते आर्थिक काम केले?’ त्या म्हणाल्या, ‘मी कुठं काम करते ताई, मी घरीच असते.’ त्यांच्या बोटांच्या भेगांत चिखल वाळलेला होता. पायाशी रोपांच्या जुड्या होत्या. शेतीच्या लाईटची पाळी त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून पहाटे तीनला उठून त्यांनी वाफ्यांना पाणी भरलं होतं.

टॅबवरचा नियम सांगत होता की ‘काम केले नाही’ नोंदवा आणि पुढे जा. मी थांबले. म्हटलं, ‘बरं, आज उठल्यापासून काय काय केलं तेवढं सांगा.’ पाणी, गोठा, दूध काढणं, ते डेअरीत घालणं, शेळ्यांचा पाला, रोपं उपटणं, लागवड... मी मोजलं, अकरा कामं झाली. मग नोंद केली : स्वतःच्या शेतीत काम.

त्याच दिवशी शेजारच्या वस्तीवर माझा एक सहकारी होता. त्यानं प्रश्न वाचला, उत्तर ऐकलं, नोंदवलं, पुढच्या घरी गेला. चूक त्याची नाही. प्रशिक्षणात आम्हाला हेच बजावलेलं असतं की प्रश्न आहे तसा वाचा, पदरचं काही घालू नका. नियम मोडला तो मी. संध्याकाळी दोघांच्या नोंदी सर्व्हरवर गेल्या आणि एकाच रकान्यात शेजारी शेजारी जाऊन बसल्या.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. प्रश्न कळण्यासारखा नसला की आम्ही तो दारात दुरुस्त करतो. करावाच लागतो, कारण समोर माणूस बसलेलं असतं आणि ते विचारतं, ‘म्हंजे काय?’ पण आम्ही चाळीस जण असतो आणि चाळीस जण चाळीस तऱ्हांनी दुरुस्त करतो. तुम्हाला वाटतं एक प्रश्नावली दोन हजार घरांत विचारली गेली. खरं तर चाळीस प्रश्नावल्या प्रत्येकी पन्नास घरांत विचारलेल्या असतात. तुमच्या तक्त्यात त्याचा मागमूस नसतो.

स्त्रियांच्या कामाचं उदाहरण मी मुद्दाम आधी घेतलं, कारण या देशात त्यावर विचार झालेला आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ‘फक्त घरकाम’ याला ९२ आणि घरकामासोबत सरपण, पाला गोळा करणं, शिवणकाम वगैरे घरच्या वापरासाठी करणं याला ९३ असे कोड आहेत. रोजगाराच्या पंचवार्षिक फेऱ्यांत या दोन कोडांतल्या बायकांना पुन्हा वेगळं विचारलं जाई, की परसबाग आहे का, कोंबड्या पाळता का, दूधदुभत्याचं बघता का. म्हणजे ‘काम’ हा शब्द उच्चारला की बाई ‘नाही’ म्हणते, हे आखणाऱ्यांना ठाऊक होतं. २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण झालं त्यात तर नुसतं ‘काम करता का’ एवढ्यावर थांबायचं नव्हतं. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत काय काय केलं, ते अर्ध्या अर्ध्या तासानं लिहून घ्यायचं होतं. मी बांधावर उभं राहून जे केलं, त्याचीच ही शिस्तशीर पद्धत आहे. ती छापील असती तर माझ्या सहकाऱ्यानंही तेच विचारलं असतं.

आता शब्दांबद्दल. तुमची प्रश्नावली बहुधा आधी इंग्रजीत होते, मग मराठीत येते. ती मराठी कागदावर शुद्ध असते. ‘आपल्या कुटुंबात एकूण किती सदस्य आहेत?’ यात वावगं काय? खटाव तालुक्यात एका आजोबांना मी विचारलं, ‘तुमचं कुटुंब काय करतं?’ ते म्हणाले, ‘ते वारून चार वर्षं झाली.’ जुन्या पिढीच्या बोलण्यात कुटुंब म्हणजे बायको. मी त्यांच्यापुढे काही क्षण गप्प बसून राहिले. तेव्हापासून मी ‘एका चुलीवर जेवणारी माणसं किती’ असं विचारते. जनगणनेची व्याख्याही तीच आहे, एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारे लोक. व्याख्या पुस्तिकेत बरोबर छापलेली असते, प्रश्नात मात्र ‘कुटुंब’ असतं. मग मुंबईत नोकरीला असलेला मुलगा कोणी धरतं, कोणी सोडतं. एका वाड्यातल्या दोन चुली कोणी एक लिहितं, कोणी दोन.

आजारपणाचंही तसंच. ‘मागील १५ दिवसांत कोणी आजारी होते का?’ उत्तर येतं, ‘नाही बा, आजारी कोणी नाही.’ पाठीमागे मूल गोधडीत पडलेलं दिसतं. विचारलं तर, ‘नुसता ताप आहे, आजारी नाही.’ शुगरची गोळी रोज घेणारे लोक स्वतःला आजारी म्हणत नाहीत. आपल्याकडे आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला. ताप, खोकला, जुलाब, अंगदुखी, चालू असलेल्या गोळ्या असं एकेक नाव घेतलं की उत्तर बदलतं. आणि नाव घ्यायचं की नाही हे जर अन्वेषकावर सोडलं, तर एका तालुक्यात आजार जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसेल. आरोग्य विभाग त्यावरून काय ठरवील याची मला काळजी वाटते.

प्रश्न किती काळाबद्दल विचारावा, यावर तर तुम्ही माझ्यापेक्षा शंभरपट वाचलेलं आहे. तरी एक गोष्ट पुन्हा आठवून द्यावीशी वाटते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत खाण्यापिण्याच्या खर्चासाठी सात दिवस आणि तीस दिवस असे दोन रकाने एकाच कागदावर शेजारी शेजारी दिले होते. घरातल्या माणसानं एकदा आठवड्याचा आकडा सांगितला की महिन्याचा आकडा तो त्याच्याशी जुळवून सांगतो. विचारणाराही नकळत जुळवून घेतो. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेली गरिबी त्या फेरीत २६ टक्के निघाली. त्यातली खरी घट किती आणि रकान्यांमुळे आलेली किती, यावर देशातले आणि बाहेरचे अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत राहिले. जुन्या आकड्यांशी सरळ तुलनाच करता येईना. दोन रकाने शेजारी छापण्याचा निर्णय कोणत्या तरी टेबलावर, बहुधा चांगल्याच हेतूनं झाला असेल. कोट्यवधी माणसं गरिबीच्या रेषेच्या वर की खाली, हे त्यावर ठरलं.

त्यातून शिकलंही गेलं. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात एक लांबलचक प्रश्नावली तोडून तिच्या तीन केल्या, खाद्यपदार्थांची वेगळी, रोजच्या वापराच्या वस्तूंची वेगळी, टिकाऊ वस्तूंची वेगळी, आणि प्रत्येक घरी तीन वेळा जायचं ठरलं. हे ज्यांनी केलं त्यांना फील्डवरचा शीण कळला होता.

शीण हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दोनशे प्रश्नांची प्रश्नावली संध्याकाळी सहाला, पोळ्या लाटायच्या वेळेला चालते. तिसाव्या मिनिटाला बाईंच्या लक्षात येतं की ‘हो’ म्हटलं की पाच प्रश्न आणखी उघडतात आणि ‘नाही’ म्हटलं की ताई पुढे जातात. मग सगळ्याला ‘नाही’. कर्ज आहे का, नाही. दवाखान्यात भरती कोणी झालं, नाही. आणि हे अन्वेषकाच्याही लक्षात येतं, कारण त्याला दिवसाला आठ घरं पुरी करायची असतात आणि पैसे घरामागे मिळतात. प्रश्नावलीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात जर सगळ्या अडचणी एकदम कमी झालेल्या दिसल्या, तर तो शीण आहे, सुबत्ता नाही. महत्त्वाचं जे असेल ते पहिल्या पंधरा मिनिटांत घ्या. उघडणारे प्रश्न आधी सगळे विचारून घ्या, त्यांच्या पोटातले तपशील मागाहून.

टॅब आल्यापासून एक नवीन दुखणं आलं आहे. उत्तर भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. सासऱ्यांच्या नावावर जमीन किती, सुनेला माहीत नसतं. ‘माहीत नाही’ असा पर्यायच नाही. मग शून्य टाकायचं? ९९ टाकायचं? एका सर्वेक्षणात माझ्या गटातल्या काहींनी शून्य टाकलं, काहींनी अंदाजे दोन एकर लिहिलं आणि एकानं ९९ टाकलं. ते पुढे ९९ एकर म्हणून मोजलं गेलं की काय, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ‘नाही’, ‘माहीत नाही’, ‘सांगायचं नाही’ आणि ‘आम्हाला हे लागूच नाही’ ही चार वेगळी उत्तरं आहेत. चारही दारात रोज ऐकू येतात. त्यांना चार वेगळे कोड द्या, आणि खऱ्या उत्तरात कधी येणार नाही असा आकडा निवडा.

मापांचंही बघा. शेतकरी एकर-गुंठ्यात सांगतो, टॅब हेक्टर मागतो. गुणाकार अन्वेषक तोंडी करतो, उन्हात, उभ्यानं. धान्य पोत्यात सांगतात, पोतं कुठे पन्नास किलोचं, कुठे शंभरचं. पायली तर तालुका ओलांडला की बदलते. लोक सांगतात ते माप तसंच लिहून घ्यायला एक रकाना आणि त्या मापाचं किलोत किती हे विचारायला दुसरा, एवढं केलं की हिशेब संगणकावर सोडता येतो. वयाचं तसंच. ‘असेल साठ’ हे उत्तर इतकं येतं की शून्य आणि पाचनं संपणारी वयं तुमच्या आलेखात खुंट्यासारखी वर आलेली असतात. आम्ही विचारतो, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होतात की कडेवर होतात? कोयनेचा भूकंप आठवतो का? लातूर-धाराशिवकडे किल्लारी, १९९३, विसर्जनानंतरची पहाट. तेव्हा लग्न झालं होतं का? त्या भागापुरत्या अशा दहा घटनांची यादी प्रश्नावलीला जोडायला एक पान लागतं. जुनी सर्वेक्षणं करणारे लोक ती जोडत असत.

मतं विचारणाऱ्या प्रश्नावल्या हा माझ्या जिवाला लागलेला विषय आहे. विशेषतः पीएच.डी.च्या मुलामुलींच्या. ‘पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत’ अशी पाच घरं. दारातल्या माणसाला ‘तटस्थ’ कळत नाही, आणि कळलं तरी पाहुण्यासमोर असहमत होणं त्याला जड जातं. आपल्याकडे दारी आलेल्याचं मन मोडत नाहीत. त्यामुळे सगळ्याला ‘हो, बरोबर आहे’. मग विद्यार्थी अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढतो, तो ०.८ च्या वर येतो, आणि विश्वसनीयता सिद्ध झाली असं प्रबंधात लिहिलं जातं. अल्फा एवढंच सांगतो की विधानांची उत्तरं एकमेकांबरोबर हलतात. भिडेखातर कोणी सगळ्याला मान डोलावली आणि कोणी कमी डोलावली, तरीही ती एकत्रच हलणार. मोजायचं होतं ते मोजलं का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर कोणत्याही सूत्रात नाही.

यावर उपाय म्हणून काही विधानं उलटी घालतात. ‘ग्रामसभेत जाण्याचा काही उपयोग होत नाही असे मला वाटत नाही.’ हे मी एकदा मोठ्यानं वाचलं आणि समोरचे काका म्हणाले, ‘हो.’ काय ‘हो’? मराठीत नकारार्थी बोलण्याला ‘हो’ म्हटलं की त्या नकाराला दुजोरा मिळतो, ‘हो, नाहीच होत’. पण कोडपुस्तिकेत ‘हो’ म्हणजे सहमत. विधान उलटं करायचं तर नकार न घालता करा, ‘ग्रामसभेत वेळ वाया जातो’. आणि पाच घरं एकदम पुढे करण्याऐवजी आधी ‘पटतं की नाही पटत’ विचारा, मग ‘थोडं की पुष्कळ’. पन्नाशीच्या पुढच्या लोकांना मी आण्यांत विचारून पाहिलं आहे : सोळा आणे पटतं, बारा आणे, आठ आणे, चार आणे? ते झटकन सांगतात, कारण पिकाची आणेवारी ऐकत त्यांची हयात गेली. तरुणांना आणे कळत नाहीत, हेही खरं. त्यांना शंभरपैकी किती असं विचारावं लागतं, आणि दोन्ही मापं जुळतात का हे आधी तपासावं लागतं.

‘नमुना मोठा घेतला आहे, चुका एकमेकींना खाऊन टाकतील’ असं मला एका बैठकीत सांगण्यात आलं होतं. तसं होत नाही. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आपले, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. शेतातला एक तुकडा आखून, कापून पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज काढतात, त्या पीक कापणी प्रयोगांत त्यांनी दाखवून दिलं की कापणीसाठी फार लहान तुकडा आखला तर उत्पन्न जास्त निघतं. कडेवरची ताटं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला की माणूस ती आत ओढतो. तुकडा लहान असला की कडा जास्त आणि पोट कमी, म्हणून ओढाओढ जास्त. असे हजार तुकडे कापले काय नि दहा हजार काय, चूक त्याच बाजूला राहते. मापाचं साधन बदलल्याशिवाय ती जात नाही. प्रश्नही तसाच कापणीचा तुकडा आहे. कडेवरचं आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे जिथे सांगितलेलं नाही, तिथे आम्ही ओढतो.

आणि जिथे काहीच सांगितलेलं नसतं तिथे काय होतं, हे साऱ्या देशानं पाहिलं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातिनिहाय गणनेत जातींची यादी आधी तयार न करताच जात लिहून घेतली गेली. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्याच याचिकेवर केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात म्हटलं होतं की १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या आणि या गणनेत ४६ लाखांहून जास्त निघाल्या. एकट्या महाराष्ट्रात, जिथे शासनाच्या यादीतल्या जाती ४९४ आहेत, तिथे ४,२८,६७७. एकच नाव कोणी ऱ्हस्व लिहिलं, कोणी दीर्घ. कोणी आडनाव सांगितलं, कोणी कूळ, कोणी पोटजात. प्रगणकांनी ऐकलं तसं लिहिलं. माहिती गोळा झाली, आणि वापरता आली नाही. तिच्यावाचून ओबीसींच्या राजकीय आरक्षणाचा खटला अडला होता, म्हणून हे आकडे मला पाठ आहेत.

आता मागणं. ती फार खर्चाची नाहीत.

प्रश्नावली अंतिम करण्याआधी ती आठ-दहा घरांत मोठ्यानं वाचा, आणि वाचायला तुम्ही स्वतः या. विद्यार्थी पाठवू नका. प्रत्येक अवघड प्रश्नानंतर समोरच्याला विचारा, ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ ते जे सांगतील तो तुमचा खरा प्रश्न. पूर्वचाचणी केली असं अहवालात पुष्कळदा लिहिलेलं असतं. ती बहुतेक वेळा प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये अन्वेषकांनी एकमेकांना प्रश्न विचारून झालेली असते. आम्ही एकमेकांना सगळं समजून घेतो, त्यातून काही कळत नाही.

भाषांतर झालं की ते दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून घ्या, हे तुम्ही करतच असाल. पण तेवढ्यावर थांबू नका. ‘कुटुंब’ परत इंग्रजीत नेलं तर बरोबरच येतं. ते आजोबा त्या भाषांतरात नाहीत.

खोदून विचारायचे प्रश्न छापून द्या. ‘काम’ला नाही आलं तर नेमकं काय विचारायचं, ‘आजार’ला नाही आलं तर कोणती सहा नावं घ्यायची, हे आमच्या हुशारीवर सोपवू नका. आणि टॅबमध्ये प्रत्येक प्रश्नापुढे एक लहानसं बटण द्या : ‘प्रश्न बदलून विचारावा लागला’. आम्ही ते प्रामाणिकपणे दाबावं असं वाटत असेल, तर ते दाबल्याबद्दल कोणाचे पैसे कापू नका. पहिल्या आठवड्यात ज्या प्रश्नावर ते बटण सर्वांत जास्त दाबलं जाईल, तो प्रश्न तिथेच थांबवून दुरुस्त करा, सगळ्यांसाठी एकसारखा.

माझ्याकडे अशा नोंदींच्या तीन वह्या आहेत. प्रश्न कोणता होता, लोकांना काय कळलं, आमच्या गटात कोणी तो कसा फिरवून विचारला. कोणाचं नाव त्यात नाही, घराचा पत्ता नाही. नवीन प्रश्नावली आखायला बसाल तेव्हा बोलवा, वह्या घेऊन येते. आणि पहिलं वाचन सिन्नरकडे ठेवायचं ठरलं तर लागवडीच्या दिवसांत ठेवा. बायका दुपारी एक ते दोन एवढ्याच वेळात भेटतात, तेही बांधावर. तेवढ्या तासाभरात प्रश्नावली संपते का, तेही कळेल.

आपली,
एक पर्यवेक्षिका